श्रीपुरंदान नटराज मूर्ती प्रकरण

श्रीपुरंदान नटराज मूर्ती प्रकरण हे भारतातील मंदिरांतून चोरलेल्या प्राचीन मूर्तींच्या आंतरराष्ट्रीय तस्करीचे आणि अशा मूर्ती विकत घेणाऱ्या संग्रहालयांच्या जबाबदारीचे एक प्रमुख प्रकरण आहे. तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंदान या गावच्या बृहदीश्वर मंदिरातून २००६ मध्ये चोळकालीन नटराजाची कांस्यमूर्ती चोरीला गेली. न्यूयॉर्क येथील कलावस्तूंचा व्यापारी सुभाष कपूर याच्यामार्फत ती २००८ मध्ये कॅनबेरा येथील नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलिया या राष्ट्रीय संग्रहालयाने सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना खरेदी केली. मूर्तीसोबत दिलेली मालकीची कागदपत्रे बनावट असल्याचे पुढे उघड झाले आणि ५ सप्टेंबर २०१४ रोजी ऑस्ट्रेलियाने ती भारताला परत केली. या प्रकरणानंतर अमेरिका, ऑस्ट्रेलिया व सिंगापूर येथील अनेक संग्रहालयांना आपल्या भारतीय संग्रहाची फेरतपासणी करावी लागली.

मूर्ती आणि तिचे स्थान

चोळ राजवटीच्या काळात (इसवी सनाचे ९ वे ते १३ वे शतक) कावेरीच्या खोऱ्यात कांस्यमूर्ती घडविण्याची कला परमोच्च अवस्थेला पोहोचली. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचा लेप चढवायचा, तापवून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा, अशी ही पद्धत होती. संस्कृत शिल्पग्रंथांत तिला मधूच्छिष्टविधान असे नाव आहे. साचा फोडूनच मूर्ती बाहेर काढावी लागत असल्याने प्रत्येक मूर्ती एकमेव असते. पुढे चोरीचा माल ओळखताना हेच वैशिष्ट्य निर्णायक ठरले.

गाभाऱ्यातील दगडी मूर्ती अथवा शिवलिंग अचल असते. कांस्यमूर्ती प्रामुख्याने उत्सवमूर्ती असतात. सणावारी त्यांना स्नान घालून, वस्त्रालंकार चढवून मिरवणुकीने गावातून नेले जाते. श्रीपुरंदानची नटराज मूर्ती ११ व्या–१२ व्या शतकातील मानली जाते. ज्वाळांच्या प्रभावळीत, अपस्मार पुरुषाच्या पाठीवर उजवा पाय रोवून नृत्य करणारा चतुर्भुज शिव, हातांत डमरू व अग्नी, असे तिचे परंपरागत रूप आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीपुरंदानचे मंदिर फारसे वापरात राहिले नव्हते. तेथे नित्यपूजा होत नव्हती आणि पुरेसा पहाराही नव्हता. तमिळनाडूत अशी हजारो लहान मंदिरे आहेत. त्यांची मालमत्ता राज्य शासनाच्या हिंदू धार्मिक व धर्मादाय विभागाच्या देखरेखीखाली येते. प्रत्येक ठिकाणी पुजारी, पहारेकरी आणि मूर्तींची सचित्र नोंदवही असेलच असे मात्र नाही.

चोरी

चेन्नईतील एका कलावस्तू व्यापाऱ्याने स्थानिक चोरांना हाताशी धरून २००६ मध्ये मंदिरातील आठ कांस्यमूर्ती टप्प्याटप्प्याने काढून नेल्या. त्यांत नटराजासोबत गणेश आणि उमा परमेश्वरी यांच्या मूर्ती होत्या. मंदिर बहुधा बंदच असल्याने चोरी झाल्याचे गावाला कळले नाही. याच जिल्ह्यातील सुत्तमल्ली येथील वरदराज पेरुमाळ मंदिरातूनही मूर्ती चोरीला गेल्या. २००८ मध्ये परिसरातील मंदिरांच्या सुरक्षेकडे अधिकाऱ्यांचे लक्ष वळले, तेव्हा श्रीपुरंदानच्या मूर्ती जागेवर नसल्याचे उघडकीस आले. त्या वेळी नटराज कॅनबेराच्या संग्रहालयाच्या मालकीचा झालेला होता.

घटनांचा हा क्रम महत्त्वाचा आहे. चोरीची फिर्याद नोंदली जाण्यापूर्वीच मूर्तीची विक्री पूर्ण झाली होती. त्यामुळे चोरीच्या कलावस्तूंच्या कोणत्याही नोंदवहीत तिचे नाव सापडणे शक्यच नव्हते.

तस्करीचा मार्ग

भारतातून शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही. नव्या हस्तकलेच्या वस्तूंच्या निर्यातीला मात्र मोकळीक आहे. तस्करांनी याच फटीचा उपयोग केला. तमिळनाडूत आजही जुन्या पद्धतीने कांस्यमूर्ती घडविल्या जातात. अशा नव्या मूर्तींच्या खेपेत चोरलेल्या प्राचीन मूर्ती मिसळायच्या आणि साऱ्या मालाला नवी हस्तकला म्हणून दाखला मिळवायचा, अशी त्यांची रीत होती. जहाजाने जाणारा असा माल हाँगकाँग, लंडन अशा मधल्या ठिकाणांवरून फिरवून न्यूयॉर्कला पोहोचविला जाई. वाटेत मूर्तींची साफसफाई व डागडुजीही होत असे. प्रत्येक टप्प्यावर कागदोपत्री मालक बदलल्याने मूळ ठिकाणाशी असलेला दुवा पुसट होत जाई.

कपूर याचे 'आर्ट ऑफ द पास्ट' हे दालन न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर होते. विद्वान, संग्राहक आणि संग्रहालयांचे अभिरक्षक यांच्या वर्तुळात त्याची प्रतिष्ठा होती. मोठ्या संग्रहालयांना त्याने वस्तू विकल्या, तशाच काही भेट म्हणूनही दिल्या. संग्रहालयाच्या दालनात देणगीदार म्हणून झळकणारे नाव व्यापाऱ्याची पत वाढवते. मग त्याच्या पुढच्या मालाबद्दल फारसे प्रश्न विचारले जात नाहीत. तपास यंत्रणांनी नंतर या देणग्यांकडेही त्याच दृष्टीने पाहिले.

बनावट मालकी इतिहास

कलावस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याच्या नोंदींच्या साखळीला तिचा मालकी इतिहास म्हणतात. कपूरने संग्रहालयाला दिलेल्या कागदपत्रांनुसार हा नटराज दिल्लीत राहिलेल्या एका सुदानी मुत्सद्द्याने १९७० मध्ये तेथील एका दुकानातून विकत घेतला होता आणि तो भारत सोडून गेल्यावर मूर्ती त्याच्या कुटुंबाकडे राहिली.

१९७० हे साल विचारपूर्वक निवडलेले होते. सांस्कृतिक मालमत्तेच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १४ नोव्हेंबर १९७० रोजी संमत झाला आणि जगातील अनेक संग्रहालये तेच साल सीमारेषा मानतात. भारताचा पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला व ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. मूर्ती या दोहोंच्या आधी देशाबाहेर गेल्याचे दाखविले की खरेदीदाराला कायद्याची अडचण भासणार नाही, असा हा हिशेब होता.

ही कथा खरी मानली तरी एक प्रश्न उरतोच. पुरावस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणारा कायदा भारतात १९४७ पासून अस्तित्वात होता. त्यानुसार परवान्यावाचून पुरावस्तू बाहेर नेणे बेकायदेशीर होते. म्हणजे १९७० च्या सुमारास मूर्ती बाहेर गेली असती, तरी निर्यात परवाना दाखविणे आवश्यक होते. असा परवाना संग्रहालयाच्या हाती कधीच आला नाही.

खरेदी आणि संग्रहालयाची खातरजमा

संग्रहालयाने खरेदीपूर्वी काहीच चौकशी केली नाही, असे म्हणता येत नाही. चोरीच्या कलावस्तूंची नोंद ठेवणाऱ्या 'आर्ट लॉस रजिस्टर' या लंडनस्थित खासगी संस्थेकडून मूर्तीची नोंद नसल्याचा दाखला घेण्यात आला. कायदेशीर सल्लाही मागविण्यात आला आणि त्या सल्ल्यात मालकीची कागदपत्रे तुटपुंजी असल्याची व खरेदीत जोखीम असल्याची जाणीव करून देण्यात आली होती. तरीही फेब्रुवारी २००८ मध्ये खरेदी झाली.

या चौकशीतील उणिवा पुढे चर्चेत आल्या. पहिली उणीव म्हणजे नोंदवहीत नाव नसणे हाच मूर्ती निष्कलंक असल्याचा पुरावा मानला गेला. बंद मंदिरातून किंवा उत्खननातून चोरलेल्या वस्तूची कोणतीही पूर्वनोंद नसते, त्यामुळे असा दाखला तिच्याविषयी काहीच सांगू शकत नाही. दुसरी उणीव म्हणजे मालकी इतिहासाची सारी माहिती विक्रेत्याकडूनच आलेली होती. आणि तिसरी म्हणजे तमिळ मंदिरांच्या छायाचित्रांचा जो सर्वांत मोठा संग्रह अभ्यासकांना माहीत होता, त्यात मूर्तीचा शोध घेतला गेला नाही.

उलगडा

हा संग्रह पुदुच्चेरी येथील फ्रेंच संस्थेचा होता. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या अभ्यासकांनी दक्षिण भारतातील मंदिरे व मूर्ती यांची छायाचित्रे अनेक दशके पद्धतशीरपणे घेतली होती. श्रीपुरंदानच्या नटराजाचे १९९४ मधील छायाचित्र त्यात होते. जी मूर्ती १९९४ मध्ये मंदिरात उभी होती, ती १९७० मध्ये दिल्लीच्या दुकानात विकली गेलेली असणे अशक्य होते. छायाचित्रातील आणि कॅनबेरातील मूर्तीची प्रभावळीतील ज्वाळांपासून धातूवरील बारीक खुणांपर्यंत तुलना झाल्यावर दोन्ही एकच असल्याचे स्पष्ट झाले.

हे जुळवून पाहण्याच्या कामात स्वयंसेवकांचा वाटा मोठा होता. मूळचे चेन्नईचे एस. विजय कुमार यांनी जहाज वाहतूक क्षेत्रातील नोकरी सांभाळून मंदिरांतील मूर्ती व परदेशी संग्रहालयांतील मूर्ती यांची छायाचित्रे ताडून पाहण्याचे काम वर्षानुवर्षे केले. त्यांच्या पुढाकाराने 'इंडिया प्राइड प्रोजेक्ट' हा स्वयंसेवी गट उभा राहिला. पत्रकार जेसन फेल्च यांनी 'चेझिंग अफ्रोडायटी' या संकेतस्थळावर आणि ऑस्ट्रेलियातील वृत्तमाध्यमांनी या प्रकरणाची कागदपत्रे लोकांसमोर आणली.

दरम्यान तमिळनाडू पोलिसांची मूर्तिचोरी अन्वेषण शाखा चेन्नईतील व्यापाऱ्याला अटक करून कपूरपर्यंत पोहोचली होती. इंटरपोलच्या सूचनेवरून ३० ऑक्टोबर २०११ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट विमानतळावर कपूरला ताब्यात घेण्यात आले आणि जुलै २०१२ मध्ये त्याचे भारताकडे प्रत्यार्पण झाले. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने 'ऑपरेशन हिडन आयडॉल' या नावाने मोहीम चालवून त्याच्या न्यूयॉर्कमधील दालनावर व गोदामांवर छापे घातले. जप्त केलेल्या सामग्रीत चोरीनंतर भारतातून पाठविलेली मूर्तींची छायाचित्रे सापडली. डिसेंबर २०१३ मध्ये दालनाच्या व्यवस्थापकाने न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला.

मूर्तीचे परत येणे

प्रारंभी संग्रहालयाने आपण सद्भावनेने खरेदी केल्याची आणि मूर्ती चोरीची असल्याचा निर्णायक पुरावा नसल्याची भूमिका घेतली. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने कपूरच्या दालनाविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये फसवणुकीचा दावा दाखल केला. मार्च २०१४ मध्ये भारताने मूर्तीची औपचारिक मागणी केली आणि त्याच महिन्यात ती प्रदर्शनातून काढून घेण्यात आली.

५ सप्टेंबर २०१४ रोजी नवी दिल्ली येथे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टोनी ॲबट यांनी दोन मूर्ती पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या स्वाधीन केल्या. एक होती श्रीपुरंदानचा नटराज. दुसरी होती विरुद्धाचलम येथील वृद्धगिरीश्वर मंदिरातील अर्धनारीश्वराची पाषाणमूर्ती. सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साऊथ वेल्सने ती २००४ मध्ये कपूरकडूनच घेतली होती. तिच्याही बाबतीत १९७० मधील खरेदीची कथा सांगितली गेली होती आणि १९७४ मधील मंदिरातील छायाचित्राने ती खोटी ठरविली.

नटराज तमिळनाडूत परतला, पण खटल्यातील मुद्देमाल असल्याने आधी न्यायालयासमोर आणि नंतर कुंभकोणम येथील मूर्ती सुरक्षा केंद्रात ठेवण्यात आला. या केंद्रात अनेक मंदिरांच्या मूर्ती कडेकोट बंदोबस्तात ठेवलेल्या असतात. पूजेसाठी घडविलेली मूर्ती परदेशी संग्रहालयाच्या काचेमागून सुटून सरकारी कोठडीत राहणे कितपत योग्य, असा प्रश्न गावकरी व अभ्यासक विचारतात. ज्या मंदिरातून ती चोरीला गेली तेथे पुरेशी सुरक्षा नसेल, तर ती पुन्हा जाण्याचा धोका असतो, असे प्रशासनाचे म्हणणे असते.

खटले

१ नोव्हेंबर २०२२ रोजी कुंभकोणम येथील न्यायालयाने सुभाष कपूर व त्याच्या पाच साथीदारांना दोषी ठरविले. कपूरला १० वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. हा निकाल सुत्तमल्लीच्या वरदराज पेरुमाळ मंदिरातील १९ मूर्तींच्या चोरी व अवैध निर्यातीच्या खटल्यातील आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१९ मध्ये कपूर व इतरांवर स्वतंत्र आरोपपत्र दाखल झाले आणि अमेरिकेने त्याच्या प्रत्यार्पणाची मागणी केली. कपूरच्या जाळ्यातून हस्तगत केलेल्या वस्तूंची संख्या अडीच हजारांहून अधिक व मूल्य १४ कोटी डॉलरहून अधिक असल्याचे मॅनहॅटनच्या जिल्हा अभियोक्ता कार्यालयाने म्हटले आहे.

इतर संग्रहालयांवरील परिणाम

श्रीपुरंदानच्याच मंदिरातील गणेशमूर्ती अमेरिकेतील टोलेडो कला संग्रहालयाने २००६ मध्ये, तर उमा परमेश्वरीची मूर्ती सिंगापूरच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियमने २००७ मध्ये कपूरकडून विकत घेतली होती. एकाच लहान मंदिरातील तीन मूर्ती अल्पावधीत तीन देशांतील संग्रहालयांत पोहोचल्या. नंतर या दोन्ही संग्रहालयांनी मूर्ती परत देण्याचे मान्य केले.

कॅनबेराच्या संग्रहालयाने ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती सुसान क्रेनन यांच्याकडे आशियाई संग्रहाची स्वतंत्र तपासणी सोपविली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात तपासलेल्या ३६ पैकी २२ कलाकृतींचा मालकी इतिहास अपुरा किंवा शंकास्पद आढळला. त्याच वर्षी कुषाणकालीन बुद्ध व प्रत्यंगिरा देवी यांच्यासह तीन शिल्पे भारताला परत करण्यात आली. जुलै २०२१ मध्ये संग्रहालयाने आणखी १४ कलाकृती परत करण्याचे जाहीर केले. त्यांतील १३ कपूरशी संबंधित होत्या. वस्तू चोरीची किंवा अवैधरीत्या बाहेर नेलेली असण्याची शक्यता अधिक दिसत असेल, तर ती परत करण्याची कार्यवाही सुरू करायची, असे धोरणही त्याने स्वीकारले. चोरीचा निर्णायक पुरावा मागण्याच्या २०१४ मधील भूमिकेपेक्षा हे धोरण बरेच वेगळे आहे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने मार्च २०२३ मध्ये कपूरच्या हातून गेलेली १५ शिल्पे भारताला परत करण्याचे घोषित केले.

पूर्वीची उदाहरणे

भारतीय नटराजांच्या तस्करीची अशी प्रकरणे याआधीही घडली होती. तंजावर परिसरातील शिवपुरम येथील नटराज दुरुस्तीसाठी दिला असता त्याच्या जागी प्रतिकृती ठेवून मूळ मूर्ती लांबविण्यात आली. १९७३ मध्ये अमेरिकी उद्योगपती नॉर्टन सायमन यांच्या प्रतिष्ठानाने ती खरेदी केली. भारताने दावा दाखल केल्यावर १९७६ मध्ये तडजोड झाली आणि मूर्ती १९८६ मध्ये परतली. पत्तूर येथे १९७६ मध्ये जमिनीतून सापडलेला नटराज लंडनला पोहोचला. तेथील न्यायालयाने १९९१ मध्ये भारताच्या बाजूने निर्णय दिला आणि मूर्ती परत आली. या खटल्यात मंदिर हे स्वतः दावेदार होऊ शकते हे इंग्लंडच्या न्यायालयाने मान्य केले, म्हणून तो कायद्याच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे.

कायदेशीर चौकट

युनेस्कोच्या १९७० च्या कराराला भारताने १९७७ मध्ये मान्यता दिली. धार्मिक वास्तूतून चोरलेली वस्तू परत मिळण्याची तरतूद या करारात आहे, मात्र ती वस्तू त्या वास्तूच्या नोंदीत असल्याचे दाखवावे लागते. मागणी करणाऱ्या देशाने निर्दोष खरेदीदाराला वाजवी भरपाई द्यावी, असेही करार सांगतो. म्हणून नोंद आणि छायाचित्र यांना कायद्याच्या दृष्टीने मोठे मोल आहे. खासगी कायद्याची बाजू अधिक बळकट करणारा १९९५ चा युनिद्रुआ करार भारताने स्वीकारलेला नाही.

१९७२ च्या अधिनियमानुसार पुरावस्तूची निर्यात करण्याचा अधिकार केवळ केंद्र शासनाला किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेला आहे. अवैध निर्यातीसाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. कोट्यवधींच्या व्यवहारांच्या तुलनेत ही शिक्षा सौम्य असल्याची टीका होते. जुलै २०२४ मध्ये भारत व अमेरिका यांच्यात सांस्कृतिक मालमत्तेच्या अवैध व्यापाराला आळा घालण्यासाठी करार झाला.

संग्रहालयांच्या जबाबदारीचा प्रश्न

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने १९८६ मध्ये स्वीकारलेली आचारसंहिता वैध मालकीची खात्री झाल्याखेरीज वस्तू न घेण्याचे बंधन संग्रहालयांवर घालते. श्रीपुरंदान प्रकरणात संग्रहालय फसविले गेले, हे न्यूयॉर्कमधील कबुलीजबाबावरून दिसते. परंतु धोक्याच्या सूचना हाती असताना ते फसायला तयार होते का, हा वादाचा मुद्दा राहिला आहे. संग्रह समृद्ध करण्याची स्पर्धा, दुर्मीळ मूर्ती हातची जाण्याची भीती आणि प्रतिष्ठित व्यापाऱ्यावरील विश्वास यांमुळे शंका मागे पडतात, असे टीकाकार म्हणतात.

नैतिक प्रश्नाला आर्थिक बाजूही आहे. गावातील चोराच्या हाती मूर्तीच्या अंतिम किमतीचा अत्यल्प अंश पडतो. मोठी किंमत मिळते ती प्रतिष्ठित खरेदीदार उपलब्ध असल्यामुळे. संग्रहालय जेव्हा कागदपत्रांची कसून छाननी करते, तेव्हा बनावट इतिहास असलेल्या मूर्तीचा सर्वांत मोठा ग्राहक बाजारातून बाजूला होतो. दुसरीकडे, मूळ देशात मूर्तींची सचित्र नोंद झालेली नसेल, तर प्रामाणिक संग्रहालयालाही पडताळणी करणे अवघड जाते. या प्रकरणात १९९४ चे एक छायाचित्र उपलब्ध होते म्हणून मूर्ती परत येऊ शकली. ज्यांचे छायाचित्र कधीच काढले गेले नाही, अशा मूर्तींच्या बाबतीत तेवढाही आधार नसतो.

हेही पाहा

नटराज
चोळ साम्राज्य
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण
युनेस्को
मधूच्छिष्टविधान